आजीनं विचारलं "जेवलास का?" : सोलोमधल्या एका घराचं प्रकरण

इंडोनेशियातल्या जावा बेटावरची तरुण पोरं मोठ्यांशी स्वतःच्याच भाषेत, म्हणजे जावानीजमध्ये, बोलायला बिचकतात, ही गोष्ट तिथे कुणालाही विचारा, लगेच मान्य करतील. आणि कारण विचारलं की नव्वद टक्के मोठी माणसं एकच सांगणार, आजकालच्या मुलांना आदर राहिला नाही. मला हे अजिबात पटत नाही. उलट माझं म्हणणं असं आहे की ही मुलं आदरामुळेच गप्प बसतात. का म्हणतोय ते एक प्रसंग नीट सोडवून बघितला तर कळेल, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आधीच सांगतो, यातला मुलगा म्हणजे कुणी एक विशिष्ट माणूस नाही. सोलो, योग्यकर्ता, सेमारांग या जावाच्या मध्यभागातल्या शहरांच्या पट्ट्यातल्या मध्यमवर्गीय घरांत जे वारंवार होतं ते मी एका घरात, एका दिवसात आणून मांडलंय. जावानीज शब्द मी उच्चाराच्या जवळ जातील असे लिहिलेत, तिथे शब्दाच्या शेवटच्या 'आ'चा बऱ्याचदा 'ओ'सारखा उच्चार होतो, म्हणून कुठे 'क्रामा', म्हणजे मोठ्यांशी बोलायची आदराची पातळी, असं वाचलं असेल तर मी इथे 'क्रोमो' लिहिलंय.

तर मुलगा २० वर्षांचा, सेमारांगमध्ये वाढलेला, तिथेच इंजिनिअरिंगला. आईवडील दोघंही मूळचे सोलोचे, दोघंही नोकरी करणारे, आणि मुलाशी जन्मापासून इंडोनेशियन बोललेले. शाळा इंडोनेशियनमध्ये. पण मित्रांबरोबर, गल्लीत, फुटसाल खेळताना, गेम खेळताना जावानीज, म्हणजे जावानीज त्याला येते आणि मस्त येते, चिडणं मस्करी शिव्या सगळं त्याच भाषेत. फक्त ती येते न्गोकोमध्ये, म्हणजे बरोबरीच्यांशी बोलायच्या पातळीत. वर्षातून एकदा लबारानला, म्हणजे ईदला, सगळं कुटुंब गाडीत बसून सोलोला आजीकडे जातं, लावेयानला, ते बाटिक करणाऱ्यांचं जुनी पेठेसारखी वस्ती असलेलं ठिकाण आहे.

ईदच्या सकाळी नमाजानंतर तिथे सुंगकम असतो. आजी खुर्चीत बसते, एकेक जण वयाच्या क्रमानं नव्हे तर नात्याच्या क्रमानं पुढे येतो, गुडघ्यावर बसतो, तिचा हात धरून कपाळाला लावतो आणि वर्षभराच्या चुकांची माफी मागतो. ही माफी क्रोमोत मागायची असते. "ङातुराकन सुगंग रियादी, सदोयो कलपातान कुलो न्युवुन पंगापुन्तन", म्हणजे ईदच्या शुभेच्छा, माझ्या सगळ्या चुकांना क्षमा असावी. आमच्या मुलाला हे वाक्य पाठ आहे. गाडीत मोबाईलवर एकदा वाचून घेतलं, आजीसमोर न अडखळता म्हटलं, आजीनं डोक्यावर हात ठेवला, सगळे खूश.

मग आजी साध्या आवाजात म्हणाली, "विस मांगान, ले?" म्हणजे जेवलास का रे बाळा.

आता हे पाठ केलेलं नव्हतं. तो म्हणाला, "साम्पुन डाहार, म्बाह." म्हणजे जेवलो, आजी. मोठी काकू, म्हणजे बुडे, खुदकन हसली. आजीनं पुढे विचारलं, "बापाकमु विस डाहार दुरुंग?" तुझे बाबा जेवले का. तो म्हणाला, "बापाक साम्पुन नडो." म्हणजे बाबा जेवले. आता दोघंतिघं हसले, कुणीतरी म्हणालं अरे स्वतःला राजा केलंस आणि बापाला खाली बसवलंस. तो लाल झाला, "माफ, म्बाह" असं इंडोनेशियनमध्ये म्हणाला आणि त्यानंतर दिवसभर एकतर इंडोनेशियन बोलला नाहीतर नुसतं "इंगिह, इंगिह" म्हणजे हो हो करत राहिला. संध्याकाळी तो पूर्ण वेळ चुलत भावांबरोबर मागच्या अंगणात मोबाईल घेऊन. आणि मोठ्यांच्या खोलीत विषय सुरू झाला की बघा, आजीशी दोन शब्द बोलायला नको यांना.

नेमकं चुकलं काय? जावानीजमध्ये आदराची दोन वेगवेगळी यंत्रं एकाच वेळी चालू असतात. पहिलं यंत्र बघतं की तुम्ही कुणाशी बोलताय. मित्राशी बोलताना 'झालं' म्हणजे 'विस', 'नाही' म्हणजे 'ओरो', 'मी' म्हणजे 'आकु'. आजीशी, सासऱ्याशी, अनोळखी मोठ्या माणसाशी तेच शब्द 'साम्पुन', 'म्बोतन', 'कुलो' होतात. वाक्यच्या वाक्य बदलतं, प्रत्ययसुद्धा. दुसरं यंत्र बघतं की तुम्ही कुणाबद्दल बोलताय. जेवणं हे मित्राचं 'मांगान', क्रोमोत आपलं स्वतःचं 'नडो', आणि आदरणीय माणसाचं 'डाहार'. झोपणं तसंच, 'तुरु', 'तिलम' आणि मोठ्यांचं 'सारे'. जाणं 'लुंगो', 'केसाह', मोठ्यांचं 'तिंदाक'. या तिसऱ्या रांगेला क्रोमो इंगिल म्हणतात, उंच क्रोमो, आणि तिचा एक कडक नियम आहे, ती स्वतःसाठी कधीच वापरायची नाही. आपल्याकडे कुणी "मी काल पुण्याला पधारलो" म्हणालं तर ऐकणाऱ्याला जसं होईल तसं त्या खोलीत झालं. आणि बाबांसाठी जिथे 'डाहार' हवं तिथे त्यानं 'नडो' वापरलं, म्हणजे बरोबर उलटं.

पण तो उलटं का शिकला हे बघा, कारण माझ्या मते सगळं प्रकरण इथेच आहे. आजी त्याच्याशी न्गोकोतच बोलणार, ती मोठी आहे, तिनं नातवाशी क्रोमोत बोलणं विचित्र वाटेल. म्हणजे मुलाला ज्या पातळीत उत्तर द्यायचंय ती पातळी त्याच्याशी घरात कुणीच बोलत नाही. सगळ्या भाषा आपण ऐकून परत म्हणून शिकतो, इथे जे ऐकू येतं ते परत म्हटलं तर उद्धटपणा होतो. विचार करा किती अवघड आहे हे. मग पूर्वी मुलं कशी शिकायची? कानावर पडून. आई नवऱ्याशी मुलाच्या देखत क्रोमोत बोलायची, मुलाच्या जागी उभं राहून बोलायची, तीन वर्षांच्या पोराला पुढे करून म्हणायची की जा, बाबांना असं असं सांग, आणि वाक्य त्याच्या तोंडात द्यायची. याला तिथे म्बासाकाके म्हणतात. आजीनं बाबांबद्दल विचारताना 'डाहार' वापरलं ते याच सवयीनं, बाबा तिचाच मुलगा, तिला स्वतःला 'मांगान' म्हणायचा पूर्ण हक्क होता, पण नातवाशी बोलताना ती नातवाच्या नजरेतून बोलली. किती सुंदर आहे हे, आणि मुलाला ते सापडलं नाही, कारण त्याच्या घरात ते कधी घडलंच नाही, घरात इंडोनेशियन होती.

त्याच्या कानावर काय पडलं होतं? गाडी चालवताना बाबा आजीला फोन करायचे तेव्हा "इबु साम्पुन डाहार?", म्हणजे आई जेवली का, असं विचारायचे. म्हणजे आदरानं बोलताना जेवणाला 'डाहार' म्हणतात एवढं त्यानं उचललं, आणि आजीसमोर आदर दाखवायचाय म्हणून तोच शब्द लावला. स्वतःला मोठं करायचा विचारही मनात नव्हता. ही चूक तिथल्या तरुणांमध्ये इतकी सर्रास आहे की जावानीज शिकवणारा कुठलाही शिक्षक पहिलं उदाहरण हेच देतो.

शाळेचं थोडक्यात सांगतो. मध्य जावामध्ये जावानीज हा स्थानिक विषय म्हणून शिकवतात, साधारण आठवड्याला २ तासिका. त्यात तीन रकान्यांचा तक्ता पाठ करून घेतात, न्गोको, क्रोमो, क्रोमो इंगिल. परीक्षेत शब्द बदला असा प्रश्न. तक्त्यात 'मांगान, नडो, डाहार' एका ओळीत दिसतात आणि मुलांना वाटतं हे कमी, मध्यम आणि जास्त सभ्य असे तीन आकडे आहेत, जितकं उजवीकडे तितकं चांगलं. कुणाबद्दल बोलतोय हा प्रश्न तक्त्यात दिसतच नाही. आणि शिवाय शाळा शिकवते एकदम आलुस, म्हणजे नाजूक सुसंस्कृत, क्रोमो, 'पुनिको' (हे), 'मनोपो' (काय), 'कादोस पुन्दी' (कसं), आणि त्याच शब्दांसाठी बाजारात, ऑफिसात लोक बोलतात 'निकी', 'नोपो', 'प्रिपुन', म्हणजे मधली मद्यो पातळी. पोरगा शाळेतलं घेऊन बाहेर गेला की नाटकातल्यासारखं वाटतं, बाहेरचं घेऊन परीक्षेला बसला की मार्क जातात.

बरं शब्द तरी किती आहेत? सुपोमो पुजोसुदार्मो या जावानीज भाषाशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात यादी काढली होती, वेगळे क्रोमो शब्द साधारण ८५०, इंगिल वगैरे आदराचे २६० च्या आसपास, मद्यो फक्त ३५ च्या घरात. बाकी सगळे शब्द सगळ्या पातळ्यांत तेच राहतात. इंजिनिअरिंग करणाऱ्या पोराला हजारभर शब्द जड नाहीत हो. अडचण पाठांतराची नाहीच, अडचण आहे चुकायची भीती.

आणि ही भीती साधी नाही. तिथे लहान मुलाबद्दल म्हणतात की तो अजून 'जावानीज' झालेला नाही, म्हणजे त्याला अजून कुठे कसं वागावं कळत नाही. क्रोमो बोलता येणं म्हणजे माणूस म्हणून तयार होणं, घरात संस्कार झालेत याचा पुरावा. हिल्ड्रेड गीर्ट्झ यांनी १९५० च्या दशकात पूर्व जावातल्या एका गावात राहून कुटुंबांबद्दल लिहिलं त्यात तीन भावना सांगितल्यात ज्या मूल क्रमानं शिकतं, वदी म्हणजे भीती, इसिन म्हणजे लाज, आणि सुंगकान म्हणजे मोठ्यांसमोर वाटणारा तो आदरयुक्त संकोच. आमच्या मुलाकडे तिन्ही होत्या, भरपूर होत्या. इंग्लिशमध्ये चूक झाली तर इंग्लिश कच्ची एवढंच होतं, क्रोमोत चूक झाली की आईबापाचं काढलं जातं. त्या हसण्यात बुडेचा काही वाईट हेतू नव्हता, पण ते हसू मुलाच्या आईलाही लागलं, ती स्वयंपाकघरात गप्प झाली. म्हणून तो इंडोनेशियनकडे पळाला. इंडोनेशियनमध्ये बापाक, इबु म्हटलं, माफ करा म्हटलं, की सभ्यपणा पूर्ण, कुणाला खाली-वर बसवायची गरज नाही. अनादर करायचा असता तर आजीशी न्गोको बोलला असता ना, ती तर त्याची सगळ्यात पक्की भाषा आहे. त्यानं ती वापरली नाही.

न्गोकोला तर उलट बरे दिवस आलेत. सोलोचेच गायक दीदी कम्पोट, ते २०२० मध्ये गेले, त्याच्या आदल्या वर्षी त्यांची जुनी प्रेमभंगाची गाणी अचानक विशीतल्या पोरांनी डोक्यावर घेतली, हजारोंच्या गर्दीत जावानीज शब्द पाठ म्हणत रडत होती मुलं. भाषेची लाज वगैरे काही नाही. लाज एका पातळीची आहे.

इथे एक दुसरी बाजू आहे आणि ती मला टाळायची नाही. क्रोमो हे नुसतं गोड संस्कारांचं प्रकरण नाही, ते उतरंडीचंही आहे. जावातल्या माताराम राज्यात १७ व्या शतकापासून दरबारी पद्धत म्हणून ह्या पातळ्या फुलत गेल्या, १७५५ च्या गियांतीच्या तहात राज्य सोलो आणि योग्यकर्ता असं फुटलं आणि दोन्ही दरबार भाषेच्या बारकाव्यात एकमेकांशी स्पर्धा करायला लागले. लोकांनी याला विरोधही केलाय, आजचा नाही तो. ब्लोराकडचे सामिन शेतकरी डच काळात कर नाकारायचे आणि अधिकाऱ्याशीसुद्धा न्गोकोतच बोलायचे, मुद्दाम. १९१७ मध्ये पूर्व जावातल्या सुराबाया शहरात जावा दिपा नावाची चळवळ निघाली, तिची मागणीच ही की क्रोमो बंद करा, सगळ्यांनी सगळ्यांशी न्गोको बोला. आणि १९२८ च्या तरुणांच्या प्रतिज्ञेत देशाची एक भाषा म्हणून मलयवरून आलेली इंडोनेशियन घेतली, जावानीज लोक सगळ्यात मोठा गट असूनही. एका बरोबरीच्या देशाला बरोबरीची भाषा हवी होती, त्यात पातळ्या चालल्या नसत्या.

घरातसुद्धा बघा, जुन्या खानदानी घरांत बायको नवऱ्याशी क्रोमोत आणि नवरा बायकोशी न्गोकोत. या मुलाच्या आईला हे नको होतं. तिनं आपल्या आईला आयुष्यभर तसं बोलताना पाहिलं होतं. नॅन्सी स्मिथ-हेफनर या मानवशास्त्रज्ञ बाईंनी योग्यकर्तातल्या तरुणांवर काम केलंय, त्यांच्या लिखाणातही हेच येतं की इंडोनेशियनकडे वळण्यात शिकलेल्या तरुणी पुढे आहेत, त्यांना ती भाषा मोकळी वाटते. मग अशा आईला तुम्ही कसं सांगणार की तू मुलासमोर नवऱ्याशी क्रोमोत बोल म्हणजे मुलगा शिकेल? मी तरी सांगणार नाही. त्यामुळे जुनी पद्धत आहे तशी परत आणा हा सल्ला मला चुकीचा वाटतो, तो दरवेळी बाईच्या तोंडून वसूल होतो.

तर या घरात उपाय काय झाला? सुरुवात आजीनंच केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नाश्त्याला बसलेले असताना तिनं नातवाला विचारलं चहा घेतलास का, आणि तो इंडोनेशियनमध्ये सुरू व्हायच्या आत हळूच म्हणाली, असं म्हण, आणि वाक्य तोंडात दिलं, जसं लहान पोराला देतात तसं. २० वर्षांच्या मुलाला हे अपमानाचं वाटेल असं सगळ्यांना वाटलं, पण त्याला बरं वाटलं, कारण कुणी चूक काढली नव्हती, रस्ता दाखवला होता. बुडेला तिनं बाजूला घेऊन सांगितलं की हसायचं नाही.

मग धाकटा काका, पाक्लिक, त्यानं एक वेगळंच केलं आणि मला ते सगळ्यात हुशारीचं वाटतं. तो म्हणाला आपण दोघं एकमेकांशी क्रोमोत बोलू. मोठ्यानं लहानाशी क्रोमोत बोलणं नेहमीचं नाही, पण दोन अनोळखी मोठी माणसं एकमेकांशी बोलतातच की तसं. त्यामुळे मुलाला पहिल्यांदा असं कुणीतरी मिळालं जे त्याच्याशी त्याच पातळीत बोलतंय, ऐकायचं आणि परत म्हणायचं. आठवड्यातून एकदा फोनवर थोडा वेळ, विषय कसलाही, फुटबॉल, मोटरसायकल, परीक्षा. 'मी झोपलो' आणि 'बाबा झोपले' यातला फरक मोटरसायकलवर बोलता बोलता बसला, 'कुलो तिलम', 'बापाक सारे', तक्त्याशिवाय.

आणि बाबांनी आजीला फोन लावताना स्पीकर चालू ठेवायला सुरुवात केली. बस, एवढंच. त्यात बाबा स्वतःबद्दल काय म्हणतात आणि आजीबद्दल काय म्हणतात हे दोन्ही ऐकू येतं, शाळेच्या तक्त्यातून गायब असलेला भाग तोच होता. आई यात कुठेच नव्हती, तिच्यावर काही लादलं नाही, ती तिच्या सासूशी आधीपासून उत्तम क्रोमो बोलते, नवऱ्याशी बोलत नाही, आणि मुलाला आता दोन्ही दिसतं की पातळी वापरायची का नाही हे माणूस ठरवू शकतो.

अजून जमत नाही ते म्हणजे देणं-घेणं. आजीनं नातवाला दिलं तर 'मारिंगी', नातवानं आजीला दिलं तर 'न्याओसी'. इथे दोन माणसं एकाच क्रियापदात येतात आणि कोण वर कोण खाली हे क्रियापदच सांगतं, त्याच्याकडून अजून उलटं होतं. आजी ऐकते, बरोबर करून म्हणते, पुढे जाते. बुडे आता हसत नाही पण तिच्या भुवया वर जातात, ते तो चालवून घेतो. चुलत भावंडांत एक गंमत आहे, मोठ्या काकाची मुलगी याच्याहून ५ वर्षांनी लहान पण नात्यानं वरची, म्हणून तिला 'म्बाक' म्हणजे ताई म्हणावं लागतं. पण ती म्हणाली माझ्याशी न्गोकोच बोल, आणि आजीनंही ते चालवून घेतलं. मला हे फार आवडलं, म्हणजे एका बाजूनं पोरगा क्रोमो शिकतोय आणि दुसऱ्या बाजूनं तेच घर काही पायऱ्या काढून टाकतंय, दोन्ही एकाच वेळी.

आता नवीन प्रश्न आलाय. त्याची मैत्रीण सुराबायाची. तिच्या घरी पहिल्यांदा गेला तेव्हा त्यानं पाक्लिककडून शिकलेलं पूर्ण सोलो थाटाचं क्रोमो काढलं, 'पंजनंगान' म्हणजे फार आदराचं 'आपण', 'पुनिको', आणि तिचे बाबा जरा अवघडून बसले. सुराबायात बोलणं सरळ असतं, मोठ्यांना 'सम्पेयान', म्हणजे 'तुम्ही', म्हटलं की पुष्कळ झालं, जे सोलोत थोडं कमीच धरतात. तिथे जास्त आदर म्हणजे जास्त अंतर. तर सध्या पाक्लिकबरोबरच्या फोनमध्ये अर्धा वेळ 'पुनिको'च्या जागी 'निकी' म्हणायचा सराव चालू आहे.